इरम्माअक्का आणि 'संदर्भ हवा'

३ एप्रिल २०२५, धाराशिव
निवृत्त मुख्याध्यापकाला रिकामं बसणं शोभत नाही. ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या गावच्या बारवेवर लेख टाकला. पहिलंच वाक्य: ही पायऱ्यांची विहीर बानूबाईंनी बांधली. बानूबाई म्हणजे आमची पणजी. रविवारपर्यंत सगळ्या तळटिपा पूर्ण.

६ एप्रिल, रविवार
'बानूबाईंनी बांधली' यापुढं कुणी कृष्णराज नावाच्या संपादकानं चिकटवलंय: संदर्भ हवा. मला! छत्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला! चोवीस तासांत पुरावा देतो.

७ एप्रिल
गावी अक्काला फोन केला. थोरली बहीण इरम्मा, वय शहाऐंशी. आजीनं तिला सगळं सांगितलेलं. म्हणाली, कसली हवा मागतोय त्यो? म्या सांगते की, लिही, इरम्मानं सांगितलं. तिला समजावलं, माणूस संदर्भ होत नसतो, छापील लागतं. मग म्हणाली, शंभू, जेवलास का?

१९ एप्रिल
तरी 'इरम्मा, तोंडी माहिती' अशी तळटीप टाकून पाहिली. कृष्णराजनं अकरा मिनिटांत काढली. नियमानं बरोबरच आहे. मी सहा मिनिटांत काढली असती.

२ मे
अक्काचा फोन. बारवेचं पाणी लई खाली गेलंय, खालच्या पायरीवरचा अक्षरांचा दगड उघडा पडलाय, ये, दाखवते, आन् आज्जीनं आजून बी लई सांगितलंय. सोमवारी नक्की.

५ मे, सोमवार
ऊन फार. शिवाय तळटिपांचा फॉरमॅट शिकतोय. आधी फॉरमॅट, मग मजकूर, ही माझी पद्धत. अक्काला गुरुवार सांगितला. म्हणाली, व्हय, ये सवडीनं.

१४ मे
इतरांच्या लेखांतले एकशेबारा स्वल्पविराम दुरुस्त केले. कृष्णराजनं शाबासकी दिली. गावाला जाणं राहिलं. कमरेत उसण भरली होती, हे नोंदवून ठेवतो.

२७ मे
चार दिवस पाऊस. अक्का म्हणाली, दगड बुडाला. एका अर्थी बरं झालं, आता घाई नाही. पुढच्या उन्हाळ्यात नीट जाऊ.

९ जून
अक्का पहाटे लिंगैक्य झाली.
पोचलो तेव्हा तिला आमच्या लिंगायत रीतीनं विभूती लावून भिंतीशी बसवलेलं. एसटीला पन्नास मिनिटं लागली. एवढंच अंतर होतं. लई रडलो.

१५ जून
साप्ताहिकात निधनवार्ता आली. मीच लिहून दिली होती. सवयीनं लिहून गेलो, 'बारव बांधणाऱ्या बानूबाईंच्या पणती'.

१६ जून
त्या कात्रणाची तळटीप टाकली. कृष्णराजनं लगेच मान्य केली. 'संदर्भ हवा' निघालं. त्यानं लिहिलंय, उत्तम संदर्भ, आता बानूबाईंचं माहेर कुठलं तेवढं टाका.
अक्काला माहीत असणार. मी कधी विचारलंच नाही.