तुमच्या पलंगाचा बेंच

बाबा, तुमचा पलंग मी कापून घेतला. बैहरच्या जंगलातल्या सागाचा, ज्याच्यावर दुसरं कोणी टेकलं तरी तुमी डोळे वटारायचे, तोच. तुमच्या तेरवीले तो शय्यादानात जायचा होता. गुरुजी रिक्षा घेऊन दारात उभे, आन् आई ऐन वेळेवर म्हणते, पलंग नाही देत, गादी घेऊन जा. काका म्हणाले, "वहिनी, दादाले वर भुईवर निजा लागन." आई म्हणाली, "निजू द्या." तुमच्याविषयी ती मोठ्यानं बोलली ते तेवढंच. आता सुताराकडून त्याचे पाय बुटके केले, रुंदी अर्धी केली, आन् तुमच्याच खोलीत त्याच्यावर पाठ टेकून मी वजनं उचलून राह्यली. पन्नाशीची बाई. हसा.

बाकी सामान असंच गोळा केलेलं. नळाचा जुना पाइप, त्याच्या दोन्ही टोकाले रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून वजनं केली. जमिनीवरून उचलाले एक पोतं पाह्यजे होतं, तं आपल्या इकडं पोत्यात काय भरणार, धान भरलं. दर आठवड्याले ते हलकं लागे. मी खूश, म्हटलं अंगात ताकद येऊन राह्यली! ताकद कायची येते, उंदरं खालून धान खाऊन राह्यलते. मग वैनगंगेची रेती भरली. रेती कोणी खात नाही.

काहून करतं हे, असं विचाराल. तुमच्यामुळंच. लकवा झाल्यावर दोन वर्षं तुमाले मी उचललं. सकाळ आहे, मी तुमच्या काखेत हात घालते, पाय घट्ट रोवते, तुमी चालत्या हातानं माझी वेणी ओढता आन् म्हणता, "पोरगा असता तं एका हातानं उचललं असतं. तू कोणत्या कामाची?" रोज, बाबा. संडासाले जातानी आन् येतानी. कंबर तेव्हाच गेली माझी. तुमी गेले तेव्हा मी ढसाढसा रडली, बाया म्हणाल्या पोरीचा बापावर भारी जीव. जीव कायचा! सुटली म्हणून रडली मी.

आता आईलेही उचला लागते. मधातच कोणाले ओळखत नाही, चालता चालता बसून जाते. घरात आमी दोघीच. डॉक्टर म्हणाले, कंबरेत जोर आणा, नाही तं तुमच्या आईले एक दिवस भुईवरच ठेवा लागन. गावातल्या जिममध्ये पोट्टे आरशापुढं दंड फुगवत उभे राह्यतात, तिथं कुठं जाऊ? म्हणून तुमची खोली. तुमाले उचलतानी मनात शिव्या होत्या. आईले प्रेमानं उचलायचं होतं, तेवढ्यासाठी सारी खटपट.

गेल्या आठवड्यात सकाळी ती न्हाणीत घसरली. मी मागून गेली, गुडघे वाकवले, तिच्या काखेतून हात घातले आन् एका दमात उभी केली. कंबरेत कळसुद्धा नाही आली. इतका आनंद झाला मले, वाटलं ओरडून साऱ्या वॉर्डाले सांगाव. आन् आई माझ्या हातात आक्रसली. दोन्ही हात डोक्यावर धरले तिनं. "मारू नोका जी," म्हणे, "दुसरा भात मांडते."

मी म्हटलं, आई, मी आहो, मी. तिनं वर पाह्यलंच नाही. या घरात तिले एवढ्या जोरानं धरणारे हात तुमचेच होते, बाबा. मेल्यावरही तुमी माझ्या दंडात येऊन बसले.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही मले. तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवाव, एवढी तुमची लायकी नाही. काल आईले आंघोळ घालायची होती. मी शेजारच्या काडीसारख्या बाईले हाका मारून बोलावलं आन् स्वतः दाराबाहेर उभी राह्यली. आईले हात लावाले मले भेव वाटते.