तीस अंशांवरची बाटली

४ फेब्रु.
सुधाच्या बोटावरची गाठ तशीच. दुखत नाही म्हणते. आता मनगटाकडं दुसरी. जामबागच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून लॅबला पाठवला. "टी.बी.च्या घराण्यातलं काहीतरी वाटतंय. घरात फिशटँक आहे का?" हे का विचारावं? दोन्ही टाक्यांचं पाणी मी स्वतः तपासतो. कुणी शिकवलं नाही, वाचून शिकलो. दुकानदार मला विचारून औषध घालतात.

७ फेब्रु.
वाचलं. टी.बी.चा भाऊबंद, माशांत राहणारा. हळू वाढणाऱ्यांच्या गटात. उगवायला आठवडे. त्याला तीस अंश लागतात, सदतीसला जवळजवळ उगवतच नाही. लॅबवाले सगळं सदतीसला ठेवणार, काही उगवणार नाही, आणि बाई अंदाजानं माझ्या टाकीवर खापर फोडून मोकळ्या.

८ फेब्रु.
बाईंना फोन. "दोन बाटल्या लावल्यात. एक सदतीसला, एक तीसला." म्हणजे आधीपासून तयारीत! टाकीच्याच मागं का लागल्यात?

१५ फेब्रु.
शेवटचे मासे आणले ते नामपल्लीच्या सलीमच्या दुकानातून. गेलो. "मछली तो हमारी अच्छीच थी भाई. पानी तुम्हारा है ना?" वर चहा पाजला. चहा उगाच नाही पाजत.

२२ फेब्रु.
सुधाला विचारलं, टाकी धुताना लागलं होतं का.
"दगडाला खरचटलं होतं की. हातमोजे नक्को, बोटांना शेवाळ कळायला पाहिजे, तुम्हीच म्हणालात."
म्हणालो होतो. बरोबरच आहे ते. पण खरचटल्यावर हात घालू नये, हे वेगळं सांगावं लागतं?
"अहो, माशांचा नाही, खरा टी.बी.च निघाला तर बरं वाटेल ना तुम्हाला?"
काय बोलणं हे.

९ मार्च
सदतीसची बाटली कोरी. तीसच्या बाटलीत पांढुरके ठिपके. अंधारात वाढवलेत, आता उजेडात ठेवणार. पिवळे पडले तर बहुतेक माशांवालाच. गोळ्या काहीही निघालं तरी कित्येक महिने. बाटल्यांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? लॅब बदलावी काय.

११ मार्च
सकाळी टाकी धुवायला घेतली. सुधानं भांडी घासायचे रबरी मोजे पुढं केले. "घाला." घातले. तिच्यासाठी.
मोबाईल वाजला. "लॅबचा नंबर दिसतोय. घेता का?"
"हात पाण्यात आहेत."
तीही घेईना. मोबाईल हातात धरून उभी, वाजतोय तोवर.
मोज्यातून शेवाळ खरंच कळत नाही.