काडतुसांच्या पेटीची किल्ली

प्रिय मेहुणेबुवा (आता शस्त्रधारी मेहुणेबुवा) यांस,

भाऊजींचा कमरेतून निम्मा वाकून नमस्कार. वास्तविक नमस्कार तुम्ही मला करायचा, मी वयाने आणि नात्याने मोठा; पण ज्याच्या हाती पिस्तूल त्याला आधी नमस्कार करावा, एवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलं आहे. पूर्ण वाकत नाही, कारण पिस्तुलासाठी घेतलेली लोखंडी तिजोरी उचलताना कमरेत जी उसण भरली ती अजून मुक्कामाला आहे. तुमची प्रकृती कशी आहे? आमच्या खिडकीच्या चौकटीवर गुडघा आपटला होता, तो बरा झाला का? घरातली मंडळी, मुलं ठीक असतीलच. तुमच्याकडे हवापालटासाठी आलेल्या तुमच्या ताईंची प्रकृती मी विचारत नाही. (बरी असेल तर कळवा. बरी नसेल तर लगेच कळवा.)

पत्रास कारण तुम्हीच. परवाना मिळाला, पिस्तूल घेतलं, भाऊजी, तुम्ही अनुभवी, देखभालीच्या आणि काडतुसांच्या चार गोष्टी सांगा, हा तुमचा निरोप दुकानात असताना आला. तो वाचून मी इतका सुन्न झालो की एका आजोबांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा चष्मा देऊन बसलो, आणि ते बिचारे पैसे समजून पावतीच मोजत उभे राहिले. मेहुणेबुवा, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पिस्तुलाच्या चुकीच्या टोकाला, एक पाय खिडकीच्या आत नि एक बाहेर अशा अवस्थेत तुम्ही उभे होता, त्या गोष्टीला अजून फार दिवस झालेले नाहीत. वाघाच्या जबड्यातून सुटलेला माणूस घरी जाऊन वाघ पाळत नाही. तुम्ही पाळलात. तेव्हा तुमचं अभिनंदन करू की सांत्वन, हे ठरेपर्यंत सल्ला तेवढा देऊन ठेवतो. फुकटचा आहे, मला मात्र महाग पडला.

पहिलं म्हणजे पिस्तूल कशासाठी घेतलं, हे स्वतःला विचारा. मी विचारलं नव्हतं. शेजारच्या घड्याळवाल्याचं दुकान फुटलं, एवढंच निमित्त झालं. लोक समजतात मी घाबरलो. खरं म्हणजे मला राग आला होता. दोन दुकानांच्या मध्ये वीतभर भिंत, आणि चोराने माझ्या कुलपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही! आयुष्य या रस्त्यावर चष्मे विकण्यात गेलं, आणि ही माझी पत. (चष्मे चोरून तो तरी काय करणार म्हणा, प्रत्येकाचा नंबर वेगळा. पण अपमान तो अपमानच.) दुसऱ्याच दिवशी मी परवान्याचा अर्ज आणला आणि कारणाच्या रकान्यात जिवाला धोका असं लिहिलं. धोका जिवाला नव्हता, अभिमानाला होता, पण त्याला अर्जात रकाना नसतो.

शस्त्रांच्या दुकानदारापासून सावध राहा. हा माणूस स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो, गुण सगळे सांगतो, खोड एकही सांगत नाही. नळीवर काडतुसाचं जे माप कोरलेलं असतं तेच डब्यावर आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मी घेतलं त्या दिवशी त्याच्याकडचं नेमकं माप संपलं होतं. त्याने जवळपासच्या मापाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘चालून जाईल.’ अहो, चपलेत चालून जातं, चष्म्याच्या काडीतही चालून जातं (मी स्वतः गिऱ्हाइकांना तसं सांगतो), पण काडतुसात चालून गेलं तर ते हातातच फुटतं. निरनिराळ्या डब्यांतली काडतुसं एकत्र करू नका, ज्याच्या त्याच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. जुनी आधी सरावात संपवा. चेपलेलं किंवा हिरवट डाग पडलेलं काडतूस घासूनपुसून वापरायला जाऊ नका, दुकानदाराला परत करा. तो घेणार नाही. तरी परत करा.

आता ठेवायचं कुठे ते. तुमच्या ताई रुग्णालयाच्या औषध विभागात आहेत हे तुम्हाला सांगायला नको, पण तिथली एक रीत तुम्हाला ठाऊक नसेल. तिथे जहाल औषधांच्या कपाटाला दोन कुलपं असतात. एक किल्ली एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि दोघी जणी समोर आल्याशिवाय कपाट उघडत नाही. एकट्या माणसाची बुद्धी कधी फिरेल सांगता येत नाही, म्हणून. परवान्याच्या वेळी त्यांनी तीच रीत घरात आणली. पिस्तूल माझ्या तिजोरीत, बाहेरच्या खोलीत, किल्ली माझ्याकडे; काडतुसं लोखंडी पेटीत, त्यांच्या खोलीतल्या कपाटात, किल्ली त्यांच्या जुडग्यात. मी हसत हसत हो म्हटलं. नवरा-बायकोने समोरासमोर येणं यात अवघड ते काय, असं मला त्या वेळी वाटायचं.

साफसफाईचं सांगतो. आधी मॅगझिन काढा. मग वरचा भाग मागे ओढून आत काडतूस राहिलेलं नाही ना, ते डोळ्यांनी पाहा, आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवता बोट घालून पाहा. (चष्मेवाला सांगतो आहे, ऐका.) साफ करताना काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. या बाबतीत आमच्या घरी कधी चूक झाली नाही, त्याचं श्रेय माझं नाही. नळी मागून पुढे पुसा. तेल थेंबभर. मी पहिल्या दिवशी पिस्तुलाला तेलाने न्हाऊच घातलं, तर ते साबणाच्या वडीसारखं हातातून निसटून सोफ्यावर पडलं, सोफ्यावरून माझ्या विजारीवर, आणि विजारीचा डाग धोब्यालाही हरवून बसला. जास्तीच्या तेलाला धूळ चिकटते, आणि तेच तेल काडतुसांना लागलं तर ऐन वेळी नुसताच टक् असा आवाज येतो. चामड्याच्या म्यानात घालून ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. मी ठेवलं, गंज चढला, मग चष्म्याच्या फडक्याने पुसत बसलो. आणि खाचाखोचांसाठी दात घासायचा जुना ब्रश वापरावा, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. मोरीत दोन ब्रश होते. त्यातला जास्त झिजलेला मी घेतला. तो तुमच्या ताईंचा निघाला, आणि जुना नव्हता. त्या दात जोरात घासतात, इतकंच. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. काम झाल्यावर तो मी धुऊन पुन्हा जागेवर ठेवला, हा माझा चांगुलपणा. सकाळी त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी नेमबाजीच्या सरावाला जाऊ लागलो. (तिथे काडतुसं तिथेच मिळतात, त्यामुळे किल्ली मागायची नामुष्की नाही.) तुम्हीही जा, सरावाशिवाय पिस्तूल म्हणजे नुसतं वजन. पहिल्या दिवशी माझ्या निशाणावर एकही भोक नव्हतं, आणि शेजारच्या गृहस्थाच्या निशाणावर त्याने झाडल्या त्याहून जास्त भोकं होती. शिकवणारे मास्तर म्हणाले, डोळे तपासून घ्या, मी चांगला चष्मेवाला सांगतो. आणि त्यांनी माझंच दुकान सांगितलं. या एका गोष्टीवर तुमच्या ताई पोट धरून हसल्या असत्या. मी घरी येऊन ती भिंतीला सांगितली.

अबोल्याचा एकच नियम असतो, आधी बोलेल तो हरला. मी हरायचं नाही असं ठरवलं होतं. काही अगदीच अडलं तर आम्ही वसतिगृहात राहणाऱ्या लेकीला फोन करायचो आणि ती तिकडून इकडे निरोप पोचवायची; पोरगी शेवटी म्हणाली, बाबा, तुमच्या दोघांच्या मध्ये एक दार आहे, माझ्यापर्यंत यायला एक दिवस लागतो. मध्येच एकदा तिने कळवलं, आईला ताप आहे, बघा जरा. मी बघितलं. म्हणजे दाराबाहेर स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि तापाचं औषध ठेवलं, दारावर टकटक केलं आणि परत आलो. औषधातलं त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी आत जाऊन काय करणार होतो? शिवाय तो पिस्तूल साफ करायचा दिवस होता. हे सगळं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही देखभालीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

मग तुम्ही आलात. तुम्हाला त्या दुपारची खिडकीकडची बाजू तेवढी माहीत आहे (आणि ती तुम्ही साऱ्या नातेवाइकांना तिखटमीठ लावून सांगितली आहे, हेही माझ्या कानावर आलं आहे). आतली बाजू अशी. दारावरची बेल कित्येक महिने बंद होती. दुरुस्त करा म्हणून त्या कानीकपाळी ओरडायच्या, तेव्हा अर्थात आम्ही बोलत होतो. तुमचा फोन बंद, बेल बंद, आत दोन माणसं दोन खोल्यांत तोंडं मिटून बसलेली. घरी कोणी नाही असं तुम्हाला वाटलं यात तुमचा दोष नाही. ताईला चकित करायला खिडकीतून शिरावं असं वाटलं, यात मात्र आहे. ताटांची थप्पी कोसळली तसा मी ताडकन उठलो, तिजोरी उघडली, पिस्तूल घेतलं, आणि ते रिकामं आहे हे आठवलं. त्यांच्या दारावर धडाधड थापा मारल्या. त्यांनी दार उघडलं. इतक्या दिवसांनी मी पहिला शब्द बोललो, तो म्हणजे, ‘किल्ली दे!’

चोर आहे तर दाराला कडी घाला आणि पोलिसांना फोन करा, किल्ली मिळणार नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. औषधाच्या खिडकीवर बसून लोकांना नाही म्हणायची त्यांना सवय आहे. मी वाद घातला नाही, रिकामंच पिस्तूल घेऊन स्वयंपाकघरात घुसलो आणि तुमच्या छातीवर रोखलं. पिस्तूल रिकामं असो वा भरलेलं, ज्याच्यावर झाडायचं नाही त्याच्यावर ते कधीही रोखू नये, हा सगळ्यांत पहिला नियम, आणि मी तो तुम्हाला सर्वांत शेवटी सांगतो आहे. त्या दुपारी मला किल्ली मिळाली असती, तर आज हे पत्र मी कोणाला लिहिलं असतं? मास्तर म्हणतात माझा नेम तसा वाईट आहे. पण तुमच्या-माझ्यात फक्त ओटा होता.

तुम्ही हसायला लागलात. मीही हसणार होतो. मागे वळून पाहिलं तर तुमच्या ताई दारात उभ्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या. ‘मला ताप होता तेव्हा तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाही. आज किल्लीसाठी फुटला,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि बॅग भरायला गेल्या. तुम्ही म्हणता मी पिस्तूल रोखल्यामुळे ताई घाबरून आल्या. त्या घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या वाक्याला मी अजून उत्तर शोधतो आहे. दुकानात शोधतो, जेवताना शोधतो, आणि सापडत नाही म्हणून चिडतो. त्यांच्यावर, तुमच्यावर, त्या घड्याळवाल्याच्या चोरावर. एवढं करून तुम्हाला पिस्तूल ठेवायचंच असेल तर ठेवा. पण आधी घरातल्या बाईला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर नशीब समजा.

मोठ्यांना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून माझ्यातर्फे हात फिरवा, तुमच्या खिडक्यांना गज बसवून घ्या.

तुमचा
भाऊजी
(हे नातं अजून चालू आहे ना, ते आतल्या खोलीत विचारून कळवावं)

ता. क. : खरं काम राहूनच गेलं. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही दाखवावी लागतात. पेटी इथे, किल्ली ताईंच्या जुडग्यात. एवढी किल्ली मागून घ्या आणि टपालाने पाठवा. बाकी माझं काही मागणं नाही.

ता. क. २ : टपालाने नको, हल्ली भरवसा नाही. तुम्हीही घेऊन येऊ नका, तुम्ही खिडकीतून याल. ज्यांची किल्ली त्यांनीच आणावी. नियम त्यांचाच आहे.

ता. क. ३ : कुलूपवाल्याला बोलवा, असं त्या म्हणतील. बोलावला होता. पेटी पाहून म्हणाला, चुटकीसरशी उघडतो. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. नूतनीकरणाची तारीख खोटी आहे. पिस्तूल मी कायमचं पोलिसांकडे जमा करणार आहे, हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बेल मात्र दुरुस्त करून घेतली. बाहेर जाऊन मी स्वतः दोनदा वाजवून पाहिली. त्यांच्या खोलीपर्यंत ऐकू जात असावी. खात्रीने सांगता येत नाही, आत कोणी नव्हतं.