वर्गणीपायी गेलेलं घर

प्रिय नदीन,

फोन लावते तर तो नुसता वाजत राहतो, म्हणून लिहायला बसले. बोमाँटला आता रुळले म्हणायचं. तुझी ओडीलमावशी मला चुलीजवळ फिरकू देत नाही. "अर्लीन, तू बस गं," म्हणते. मी बसते. बसून बसूनही माणूस एवढा थकतो हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसतात. ओडील म्हणते, वासाची सवय होते. तिच्या नाकाचं खरं मानू नकोस, तिला भात करपलेलाही कळत नाही.

काल शेजारच्या लूपेचा फोन आला होता. ह्यूस्टनच्या आपल्या घराला राखाडी रंग देताहेत म्हणाली. पुढचं अंजिराचं झाड काढलं. सांगताना बिचारी रडायला लागली, मग मीच तिची समजूत घालत बसले. मला मात्र रडू आलं नाही. ते घर घेतलं तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. बँकेचा शेवटचा हप्ता भरला त्या शनिवारी वेंडेलनं, तुझ्या डॅडींनी, मागच्या अंगणात कढई चढवली आणि कॅटफिश तळून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं. "आता इथून मला फक्त देव उठवेल," असं सगळ्यांना हातातला झारा नाचवत सांगत होता. कर्ज फिटलं तरी वर्गणी थकली तर वसाहतीची सोसायटीही घर लिलावात काढू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

तो माणूस दारात आला ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. सकाळची वेळ, मी गाऊनवर. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अगदी लोण्यासारखा. "मॅडम, तुम्ही इथे भाडेकरू का?" मला हसूच आलं. म्हटलं, "बाळा, मी मालकीण आहे." तर मान खाली घालून म्हणतो, "नाही मॅडम. मंगळवारी लिलाव झाला. आता मालक मी आहे." वर विचारतो, राहायचं असेल तर भाडं किती परवडेल? माझ्याच घराचं भाडं! मी दार लावून घेतलं आणि तिथेच फरशीवर बसले. कॉफी उतू जाऊन गॅस विझला, तरी उठवेना.

लिलावाच्या नोटिसा घरातच होत्या. वेंडेल आजारी पडल्यापासून येईल ते टपाल मी धुण्याच्या टोपलीत टाकत होते. हॉस्पिटलची बिलं, विम्याची पत्रं, तो गेल्यावर आलेली सांत्वनाची कार्डं, सगळं एकात एक. मला पाकिटांचीच भीती बसली होती. या वर्षीची वर्गणी मात्र मी वेळेवर पाठवली होती. तो चेक परत आला. आधीची थकबाकी आणि वकिलाची फी भरल्याशिवाय घेणार नाही, असं सोसायटीनं कळवलं होतं म्हणे. तेही टोपलीत. थकबाकी केवढी, तर पोहण्याच्या तलावाची आणि गवत कापण्याची, वेंडेल गेला त्या एका वर्षाची वर्गणी. त्या तलावात आपल्यापैकी कुणी पायसुद्धा बुडवला नव्हता.

मग मी सोसायटीच्या सभेला गेले. तू नको म्हणत होतीस, तरी गेले. चर्चला घालते तो निळा ड्रेस घातला. अध्यक्ष तोच, रे स्टब्स. पुराच्या वर्षी वेंडेलनं त्याच्या म्हाताऱ्या आईला आपल्या मासेमारीच्या होडीत बसवून पाण्यातून बाहेर काढलं होतं, तो. माझं बोलणं संपल्यावर टेबलाकडे बघत म्हणाला, "मिसेस गिड्री, नियम सगळ्यांना सारखे." इतकी वर्षं मी त्याच्यासाठी अर्लीन होते, त्या दिवशी मिसेस गिड्री झाले. आपल्या अंगणात कॅटफिश खाल्लेले निम्मे लोक तिथे बसून पुढ्यातले कागद चाळत होते. बाहेर मी गाडीशी पोचले तर हा धावत आला. "अर्लीन, माझ्या हातात काही नव्हतं गं." म्हटलं, "प्रकरण वकिलाकडे द्यायचं ठरलं तेव्हा हात वर केलास ना? तेव्हा होतं की हातात." मी गाडीत बसले, पुढे भांडायचं त्राण नव्हतं.

त्यानंतर आपण दोघी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, वर्गणी भरायचं काम कुणाकडे होतं? मी म्हटलं, "माझ्याकडे. कायम माझ्याकडेच." तू माझ्या शेजारी बसली होतीस. तुझी मान खाली गेली ती परत वर आली नाही. मला बोमाँटला सोडून गेलीस आणि तेव्हापासून तुझा आवाज नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. जावईबापूंनी परवा सांगितलं, लिलावानंतर कायद्यानं मिळते त्या सहा महिन्यांच्या मुदतीत पैसे भरून माझं घर सोडवून घ्यायला तू तुझं घर गहाण टाकते आहेस. टाकू नकोस. मी वकीलबाईंना कळवून टाकलंय, मला ते घर नको. त्या गल्लीत रोज रे स्टब्सला हात हलवून दाखवायची ताकद माझ्यात उरलेली नाही. आणि दुसरं. हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या डॅडींनी तुला विचारलं होतं, "सोसायटीचं भरलंस ना?" तू म्हणालीस, "भरलं डॅडी, तुम्ही झोपा." मी खिडकीपाशी उभी होते, नदीन. तुझा चेहरा मला दिसत होता. तू भरलं नाहीयेस, उद्या भरशील, एवढं मला तेव्हाच कळलं होतं. मग तो गेला आणि तो उद्या तुझ्याही डोक्यातून गेला, माझ्याही. पण तुझं उत्तर ऐकून तो किती दिवसांनी स्वस्थ झोपला होता, ते तू घाईत निघून गेल्यामुळे पाहिलं नाहीस. मी पाहिलं. त्या झोपेपायी घर गेलं असेल तर जाऊ दे, पोरी. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, ओडीललाही नाही. तू फक्त फोन उचल.

वाट बघणारी, तुझीच,
ममा