पाय सुजणे : होय

सोम., ३ नोव्हें.
चाकणच्या मागचं पहिलं गाव. उपकेंद्राला गुलाबी रंग नवा, कुलूप जुनं. खिडकीतून पाहिलं तर आत मांडववाल्याच्या लाल खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. पारावरचे एक आजोबा म्हणाले, नर्सबाई गुरुवारी येत्यात, आल्या तर. सर्व्हेच्या फॉर्मवर प्रश्न : गावात आरोग्य केंद्र उपलब्ध आहे का? ऑफिसला सरांना फोन केला. इमारत आहे ना, मग ‘होय’ लिहा, म्हणाले. लिहिलं. किळस आली, तरी लिहिलंच.

मंगळ., ४
गावामागच्या पत्र्याच्या खोल्या. सगळे कंपन्यांत कंत्राटावर. दारात मीरा बसली होती, परभणीकडची, वय एकवीस, आठवा महिना. नवरा सुनील पहिल्या शिफ्टला. तिनं मला खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. तासभर प्रश्न विचारले. तपासणी एकदाही नाही. पाय सुजणे : होय. डोकं दुखणे : होय, चार दिवस. डोळ्यांपुढे अंधारी : होय. सगळं अक्षर नीट काढून लिहिलं. सही घेतली. निघताना ती म्हणाली, “मग डॉक्टर कधी येतेत, ताई?”
आम्ही फक्त माहिती घेतो, असं सांगितलं आणि निगडीला घरी येऊन जेवले.

बुध., ५
गावच्या आशा सेविका शोभाताईंची मुलाखत. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. पत्र्याच्या खोल्या त्यांच्या यादीतच नाहीत. खोल्यांना घरनंबर नाही, मालकाला तिथं कुणी चौकशी केलेली चालत नाही आणि वर विचारलं की उत्तर येतं, ती आपली लोकसंख्या नाही. त्या मनानंच दोनदा जाऊन आल्या, तेव्हा मीरा राहायला आलेली नव्हती. मी सहज तिचं सांगितलं. शोभाताई चहा ओतत होत्या, थांबल्या.
“पाय सुजलेत, डोकं दुखतंय, अंधारी येती. आन तुमी काय केलं?”
लिहून घेतलं, म्हटलं.
“लिहून घेतलं,” एवढंच म्हणाल्या त्या. गॅस बंद केला, चप्पल घातली.
गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सुनील तिला घेऊन भोसरीला बहिणीकडे गेलाय, उद्या सकाळी येतील. नंबर कुणाकडे नाही. माझ्या फॉर्मवरही नाही, कारण गोपनीयता.

गुरु., ६
सकाळी शोभाताईंनी मीराला उपकेंद्रावर आणलं. नर्सबाई होत्या, खुर्च्या व्हरांड्यात काढलेल्या. नाव यादीत नाही, आधार परभणीचं, असं सुरू झालं. शोभाताई म्हणाल्या, “बाई, आधी पट्टा बांधा, मग भांडू.” बीपी १७०/११०. नर्सबाईंचा चेहराच उतरला, लगेच १०८ ला फोन लावला. गाडी चाकण चौकात अडकलेली. शेवटी गावातली रिक्षा. प्राथमिक आरोग्य केंद्र सहा किमी, कंटेनरच्या रांगेतून सव्वा तास. माझ्या मांडीवर तिचं डोकं. केंद्राच्या दारात तिला झटका आला.
डॉक्टर मुलगी माझ्याहून लहान असेल. इंजेक्शन दिलं, अँब्युलन्सनं पुढं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आम्ही निघताना तिनं विचारलं, “दोन दिवस आधी का नाही आणलं?”
शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्र., ७
पिंपळे सौदागर, ऑफिस. सर शांतपणे म्हणाले, आपण संशोधक आहोत, कार्यकर्ते नाही. हस्तक्षेप झाला म्हणून मीराचा फॉर्म बाद. गावाचा शेरा : सेवा उपलब्ध, वापर कमी. म्हणजे चूक मीराचीच, ती वापरत नाही. मग हेच सर विचारतात, रिक्षातला फोटो आहे का, अहवालाला उपयोगी पडेल. समोर ढोकळा ठेवलेला. उठून बाहेर आले. गावाच्या शेऱ्याखाली माझी सही हवीय, बुधवारपर्यंत.

रवि., ९
दवाखाना. सिझर झालं गुरुवारीच. मुलगी, दीड किलो, काचेत. मीरा दोन दिवसांनी शुद्धीवर आली. सुनील तीन खाडे झाले म्हणून घाबरलेला, ठेकेदार काढून टाकेल म्हणतो. मला पाहून वाकला, पायाच पडला. “तुम्ही व्हता म्हणून, ताई.” मंगळवारी मी त्यांच्याच खोलीत खुर्चीवर बसून होते, हे त्याला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि जेवलात का, असं विचारलं. शी.
घरी बाबांना सगळं सांगितलं. चाळीस वर्षं कारखान्यात प्रेस शॉपला काढलेला माणूस. म्हणाले, सही तुझी आहे, सरांची नाही.

बुध., १२
सही केली नाही. मंगळवारी काय विचारलं, काय उत्तर आलं आणि मी काय केलं, ते दोन पानं लिहून सरांना पाठवलं. अजून उत्तर नाही. नोकरी राहील असं वाटत नाही. दोन पानं लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसंही नाही.
दुपारी दवाखान्यात गेले. मुलीचं वजन थोडं उतरलंय. मीराच्या डोळ्यांचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. नजर येईल हळूहळू, कदाचित, म्हणाले. कॉटजवळ गेले तर तिनं मान वळवली. काय दिसतंय, विचारलं.
“कुणीतरी उभं हाय, एवढं कळतंय. कोन हाव तुम्ही?”