माफीचा मका

उस्तानाली नदीकाठ, नोव्हेंबर १८३५

ती. कानुनादादास,
धाकट्या सलालीचा नमस्कार, वि. वि.

मका घरात आला, सगळे बरे आहोत. टेकड्यांत सोनं सापडल्यापासून गोऱ्यांची झोप उडालीय. जॉर्जिया राज्याने आपल्या चेरोकींच्या जमिनी सोडत काढून वाटल्या. आपलं घर नि शेत कुणा टॉलिव्हरला लागलं म्हणे. तो कुंपण बघून गेला. घर आईकडून मला आलंय, आमच्यात घर-शेत बायकांचंच असतं, असं सांगितलं तर हसला. हसू दे. मी हलणार नाही. मुलूख सोडणार नाही, अशा गावाच्या विरोधअर्जावर मी सही केलीय, तुझी जागा मोकळी ठेवलीय.

मुलं मामाची वाट बघतात. बाप नुसते लाड करतो. आपल्यात वळण मामानेच लावायचं ना? मिशनच्या शाळेत शिकून मोठा दुभाष्या झालास, म्हणून आम्हाला विसरू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
तुझी सलाली

जानेवारी १८३६

चि. सलालीस,
दादाचे आशीर्वाद.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. अमेरिकी सरकारच्या करारावर मी सही केली. इथला सगळा मुलूख सोडून पश्चिमेला जायचं. लोकांनी आम्हा सही करणाऱ्यांना तो अधिकार दिला नव्हता, ठाऊक आहे. पण सैन्य येणारच होतं. सही करणाऱ्याच्या घराला हात लावणार नाही, असा सरकारच्या माणसांनी शब्द दिला, म्हणून तुझं घर मी माझ्या नावावर दाखवलं. तुझ्याचसाठी.

नव्या मक्याच्या सणाला येतो. त्या दिवशी खून सोडून सगळे अपराध माफ होतात. फार रागावू नकोस.
तुझा दादा

ओढ्यापलीकडचं रान, ऑगस्ट १८३६

कानुना,

आशीर्वाद पोचले. टॉलिव्हर शिपाई घेऊन आला. घर माझं म्हटलं, तर त्याने तुझाच कागद पुढे केला: घर कानुनाचं, आणि त्याने मुलूख सोडलाय. नुसत्या सोडतीवर त्याला जे जमलं नाही, ते तुझ्या सहीने झालं. उभं पीक टाकून निघालो. अर्जावर तुझ्या जागी माझ्या थोरल्या लेकीने सही केली. मुलांना वळण लावायला मावसभावाला बोलावलंय. आजपासून तोच त्यांचा मामा.

सणाला येतो म्हणतोस. माफी नव्या मक्याबरोबर खायची असते, आणि आमचा मका टॉलिव्हरची डुकरं खातायत. शिवाय जमीन विकणाऱ्याला मरण, हा आपला कायदा तुलाही पाठ आहे.

काल आपल्यातलेच दोघे बंदुका घेऊन तुझी चौकशी करत आले होते. मला भाऊ नाही, असं मी सांगितलं.
सलाली