गायरानाचा ठराव गोधड्या टांगून परत वाचण्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (पंचायत), श्री. अमरनाथ साहेब,
पंचायत समिती कार्यालय.

अर्जदार: हरिओम, स्पीकरवाला, मौजे हेळंबवाडी, दिंद्रुडजवळ, जि. बीड.

विषय: कुणालाच ऐकू न आलेला गायरानाचा ठराव रद्द करून परत मतदान घेण्याबाबत.
संदर्भ: माझे आधीचे दोन अर्ज, आणि आपलं एका ओळीचं उत्तर, "मोठे स्पीकर लावावेत."

महोदय,

अमऱ्या, आता नुसतं ऐक बे. होस्टेलला एका खोलीत राहिलो म्हणून हक्कानं लिहितो, आन् दोन अर्ज लिहून थकलो म्हणूनबी.

१) आमचं नवं सभागृह तू बघितलंस. वर पत्रा, खाली फरशी, भिंती गुळगुळीत. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला माईक माझाच व्हता. सरपंच काय वाचायलेत कुणाला कळंना, नुसतं घूं-घूं. पण आमच्याकडं सरपंच थांबले की हात वर करायची रीत हाय. सगळ्यांनी केले. सगळ्यात आधी बंकटमामानं, ज्याची चाळीस शेरडं त्याच गायरानावर चरतात. ठराव निघाला गायरान गोदामाला द्यायचा; गायरान गेलं, एकमतानं.

२) गाव म्हनलं, "हऱ्या, तुझे स्पीकर भंगार!" मग मी बीडच्या नेट कॅफेतून खोलीतला आवाज मोजायचं फुकटचं सॉफ्टवेअर सीडीवर आणलं, कॉम्प्युटर टेम्पोत घालून सभागृहात नेला. ते स्पीकरमधून एक लांब सूर सोडतं, ढोलाइतक्या जाडापासून डासाइतक्या बारकापर्यंत, माईकनं ऐकतं, आन् कुठला सूर किती येळ घुमतो त्याची रेघ काढतं. मामाची बायको साखराबाई दारातून म्हनली, "आरं, कुनाचं भूत उतरवायलास?" रेघ म्हनली, स्पीकर बरे हायेत. एक शब्द विझायला साडेचार सेकंद लागायलेत, तवर पुढचे दहा शब्द त्याच्या उरावर.

३) मोठे स्पीकर लावले तर घूं-घूंच मोठी हुईल, साहेब. म्हणून साखरामामीनं घरोघर फिरून एकसष्ट गोधड्या आणल्या. भिंतींवर टांगल्या, परत मोजलं: सव्वा सेकंद. जो जाड आवाज लई घुमायला तो सॉफ्टवेअर बघून कमी केला. मागच्या रविवारी गाव बसवलं, ग्रामसेवकांच्या हातापाया पडून तोच ठराव वाचायला लावला. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याबी माना डोलवायल्या. आन् सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं: "अनुमोदक, श्री. बंकट." त्याचा हात आधी वर गेलता ना, म्हणून त्याचंच नाव लिहिलतं.

४) मामा उठून गेला. तवापासून शेरडं कोंडून हायेत, बाकीचे शेरडंवाले त्याच्याशी बोलंनात. "ह्यानंच इकलं," म्हणतात. सोमवारी ग्रामसेवकांनी "सरकारी इमारत खराब दिसते" म्हणून गोधड्या उतरवल्या. येत्या गुरुवारी मोजणीवाले खुणा रोवायला येणार हायेत.

तरी विनंती की गुरुवारच्या आत मोजणी थांबवावी, गोधड्या टांगू द्याव्यात, ठराव दोनदा वाचून मगच हात मोजावेत, आन् बंकटमामाचं नाव अनुमोदकातून काढावं. चौथा अर्ज लिहायचं बळ न्हाई.

आपल्या उत्तराची वाट बघणारा नम्र,
हरिओम
दि. १९/११/२००५

सोबत: रिकाम्या सभागृहाची रेघ, गोधड्यांनंतरची रेघ, त्रेपन्न सह्या-अंगठे.

ता.क. हे फाईलला लावू नको. काल बंकटमामा दुकानात आला. भांडला न्हाई. नुसतं म्हनला, "तू तर माईकपाशी व्हतास. कुनालाच ऐकू येईना हे तुला एकट्याला कळत व्हतं. मग तू हात कावून वर केलास?" समदं गाव हात वर करून बसलतं, सरपंच माझ्याकडंच बघायलते. अमऱ्या, खरं सांग, तू काय केलं असतंस?